वाचकांचे प्रश्न : मुंबईची जुनी चर्चेस, त्यांची नावे आणि त्यांची वये

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे योगायोगाने एकाच विषयावरची आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी, दवाखान्याच्या कामासाठी किंवा लग्नकार्यासाठी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून मुंबईस गेलेल्या वाचकांनी तिथली जुनी चर्चेस पाहिली आणि परत आल्यावर मनातल्या शंका लिहून कळवल्या. त्यांतील काही प्रश्नांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : चर्चगेट स्थानकाच्या आसपास मला कोणतेही जुने चर्च दिसले नाही. मग हे नाव कशावरून पडले? (एक वाचक, टिळकवाडी)

उत्तर : स्थानकाबाहेर उभे राहून चर्च शोधणारे आपण पहिले नाही. चर्चगेट हे नाव मुळात स्थानकाचे नव्हेच. ते इंग्रजांच्या किल्ल्याच्या पश्चिमेकडील वेशीचे आहे. आज आपण ज्याला फोर्ट म्हणतो त्या भागाला पूर्वी खरोखरीचा तट होता आणि त्या तटाला अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट असे तीन दरवाजे होते. चर्च गेटातून आत शिरले की रस्ता सेंट थॉमसच्या चर्चपाशी जात असे, म्हणून ती चर्चची वेस. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, वेशीच्या जागेपाशी फ्लोरा फाउंटन उभे राहिले आणि १८७० साली पश्चिमेला, समुद्राच्या बाजूस जे रेल्वे स्थानक झाले त्याला या पाडलेल्या वेशीचे नाव मिळाले. फ्लोरा फाउंटन म्हणजे आपला हुतात्मा चौक. सीमाभागातला माणूस मुंबईत गेला की त्या स्मारकाला नमस्कार केल्याशिवाय सहसा पुढे जात नाही. पुढच्या खेपेस नमस्कार झाला की पूर्वेला, हॉर्निमन सर्कलच्या दिशेने वीर नरिमन रस्त्याने चालू लागावे; पाच मिनिटांच्या आत सेंट थॉमस कॅथेड्रल लागेल.

या चर्चची कथा मोठी संथ आहे. १६७६ मध्ये गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांच्या काळात पायाभरणी झाली, भिंती सुमारे १५ फूट चढल्या आणि काम जे थांबले ते जवळजवळ ४० वर्षे. छप्पर नसलेल्या त्या भिंती पावसाळ्यामागून पावसाळे सोसत उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब नावाच्या धर्मोपदेशकाने १७१५ मध्ये वर्गणीसाठी जाहीर आवाहन केले, पैसा जमला आणि १७१८च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी खुले झाले. मुंबईला १८३७ मध्ये स्वतंत्र अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) बिशप, म्हणजे प्रांताचे धर्मप्रमुख, मिळाले आणि त्यानंतर या चर्चला कॅथेड्रलचा दर्जा आला. मुंबईच्या रस्त्यांवरील जुन्या मैलाच्या दगडांचे अंतरही याच चर्चपासून मोजलेले असे.

आत गेल्यावर घाईने फोटो काढून बाहेर पडू नये, अशी माझी विनंती आहे. भिंतींवर संगमरवरी स्मारके दाटीने बसवलेली आहेत. १७९५ ते १८११ या काळात गव्हर्नर असलेल्या जोनाथन डंकन यांच्या स्मारकावर बनारस आणि काठेवाड येथील बालहत्येची चाल बंद केल्याचा उल्लेख कोरलेला आहे. लहानसहान पाट्या मला अधिक बोलक्या वाटतात, कारण त्यांवर नोंदवलेली वये पाहत गेले की पंचविशीतिशीतच संपलेली किती आयुष्ये या एका छताखाली नोंदली गेली आहेत हे ध्यानात येते. दोन पावसाळे एवढेच मुंबईतल्या माणसाचे आयुष्य, अशी म्हण त्या काळच्या इंग्रजांत उगीच रूढ झाली नव्हती.

प्रश्न : माहीमचे सेंट मायकल हे चर्च १५३४चे असल्याचे वाचले होते, पण प्रत्यक्षात इमारत अगदी अलीकडची, सिमेंट काँक्रीटची दिसली. यातले खरे काय? मुंबईतले सर्वांत जुने चर्च नेमके कोणते मानावे? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आपल्या प्रश्नातच मुंबईच्या चर्चचा इतिहास वाचण्याची किल्ली आहे. चर्चचे वय आणि चर्चच्या इमारतीचे वय या दोन निराळ्या बाबी आहेत. आपल्याकडे एखाद्या गावचा देव शेकडो वर्षांचा असतो, देऊळ मात्र जीर्णोद्धारानंतरचे, फरशी बसवलेले आणि ऑइलपेंट दिलेले असते. तरीही देवस्थान जुनेच, असे आपण बिनदिक्कत म्हणतो. मुंबईच्या चर्चच्या बाबतीत हाच हिशेब धरावा. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीसारखी १२०४ सालची वास्तू त्याच दगडांनिशी आपल्यासमोर उभी असणे हा अपवाद आहे, नियम नव्हे.

माहीमला १६व्या शतकात फ्रान्सिस्कन संघाच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी चर्च उभारले, त्यानंतर इमारत अनेकदा बदलली आणि आजची इमारत १९७३ची आहे. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चचेही असेच. ते १६३२ मध्ये माझगावला उभे राहिले, १९११च्या सुमारास ती इमारत पाडली गेली आणि १९१३ पर्यंत भायखळ्याला नवी, उंच मनोऱ्याची इमारत झाली. म्हणजे इथे वास्तूबरोबर जागाही बदलली, फक्त नाव आणि परंपरा टिकली.

दादरचे पोर्तुगीज चर्च हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. बसच्या वाहकापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे त्याला याच नावाने ओळखतात आणि नाव ऐकून आपण जांभ्या दगडाची, चुन्याने रंगवलेली जुनी वास्तू मनात धरून जातो. प्रत्यक्षात समोर येतात काँक्रीटच्या शंकूसारख्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या छतांच्या दालनांचा समूह आणि त्यांच्यामधली मोकळी अंगणे. १५९६ मध्ये फ्रान्सिस्कनांनी स्थापलेल्या या चर्चची आजची इमारत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात बांधली. छत उंच नेऊन वर वाट ठेवली की गरम हवा चढून निघून जाते आणि खालून अंगणातली हवा आत येते, या साध्या तत्त्वावर ती उभी आहे. युरोपातून आणलेला नमुना दमट मुंबईत जसाच्या तसा बसवण्यापेक्षा हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. अर्थात, हे चर्च आहे की कारखाना, असे म्हणत नाक मुरडणारेही मला भेटले आहेत.

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. अंधेरी पूर्वेला सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाआड सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. जेझुइट संघाच्या पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च १८४०च्या सुमारास साथीच्या रोगामुळे वस्ती उठली तेव्हा सोडून देण्यात आले आणि लोक मरोळकडे गेले. इथे भिंती जुन्या आहेत, पण रोजची उपासना नाही. वर्षातून एकदा भाविकांना आत जाऊन प्रार्थना करता येते, एरवी बाजूने कामगारांच्या पाळ्या सुटत असतात. म्हणून ‘सर्वांत जुने कोणते’ या प्रश्नाला एकच नाव देणे मला योग्य वाटत नाही. परंपरा विचाराल तर माहीम, भिंती विचाराल तर हे भग्न चर्च.

प्रश्न : चर्च, चॅपल, कॅथेड्रल आणि बॅसिलिका यांत फरक काय? आमच्या शेजारचे कोकणी ख्रिस्ती कुटुंब तर यांपैकी कोणताच शब्द वापरत नाही. (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : कॅथेड्रल म्हणजे ज्यात बिशपचे अधिकृत आसन असते ते चर्च, त्याच्या आकाराशी या नावाचा संबंध नाही. मुंबईत अँग्लिकन परंपरेचे कॅथेड्रल सेंट थॉमस, तर रोमन कॅथॉलिकांचे कुलाब्याचे होली नेम, जे १९०५ मध्ये पूर्ण झाले. बेळगावला १९५३ मध्ये स्वतंत्र कॅथॉलिक धर्मप्रांत झाला, तेव्हापासून आपल्या गावालाही कॅथेड्रल आहे. बॅसिलिका ही पोपने विशिष्ट चर्चला दिलेली मानाची पदवी. चॅपल म्हणजे मुख्य चर्चच्या अधीन असलेले, किंवा शाळा, दवाखाना, कबरस्तान, टेकडी अशा ठिकाणचे छोटे प्रार्थनास्थळ.

आपले शेजारी बहुधा ‘इगर्ज’ आणि ‘कोपेल’ म्हणत असावेत. हे शब्द पोर्तुगीजांकडून गोव्यात आणि गोव्यातून घाट चढून आपल्याकडे आले. मुंबई-वसईच्या मराठी बोलणाऱ्या जुन्या ख्रिस्ती समाजात मात्र चर्चला सरळ ‘देऊळ’ म्हणण्याची रीत आहे. वसईच्या एका वृद्ध बाईंनी ‘आज देवळात गर्दी आहे, मिस्सा उशिरा सुटेल’ (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) असे सांगितले तेव्हा मी क्षणभर गोंधळलो होतो.

अशा लोकांच्या तोंडच्या नावांत माझे सर्वांत आवडते नाव ‘मोत माउली’. वांद्र्याच्या माउंट मेरीला जुने मुंबईकर या नावाने ओळखतात. पोर्तुगीज भाषेत डोंगराला ‘मोन्त’ म्हणतात, त्याचे ‘मोत’ झाले आणि त्याला आपली माउली जोडली गेली. मंगळूरकडच्या कॅथॉलिकांचा मोंती सण ८ सप्टेंबरला, म्हणजे मेरीच्या जन्मदिवशी असतो, त्याच्या नावातही हाच ‘मोन्त’ आहे. वांद्र्याची जत्रा त्या तारखेनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. टेकडीवरचे मूळ चॅपल १६व्या शतकातले. १७०० मध्ये अरब चाच्यांनी ते लुटले आणि सोन्याच्या लोभाने मूर्तीचा हात तोडला, अशी परंपरागत कथा आहे. मराठ्यांच्या साष्टी मोहिमेच्या धामधुमीत, १७३९च्या सुमारास, चॅपल पाडले गेले, मूर्ती माहीमला हलवली गेली आणि १७६१च्या सुमारास ती परतली. मधल्या काळात कोळ्यांना समुद्रात सापडलेली मेरीची एक मूर्ती खालच्या सेंट अँड्र्यू चर्चमध्ये आहे. आजची इमारत १९०४ची असून तिचे वास्तुरचनाकार शापूरजी चांदाभाई हे पारशी होते. १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा मान मिळाला.

जत्रेत पायऱ्यांच्या कडेला मेणाच्या वस्तूंची दुकाने लागतात. साध्या मेणबत्त्यांशेजारी मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे तान्हे बाळ, खिडक्या-दारे असलेले मेणाचे छोटे घर असे सगळे मांडलेले असते. ज्याचा पाय दुखतो त्याने पाय वाहायचा, ज्याला मुंबईत घर हवे त्याने घर. मी गेलो त्या दिवशी घरांचा ढीग सर्वांत लवकर उतरत होता. सौंदत्तीच्या यल्लम्मापुढे नवसाचे चांदीचे डोळे वाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याला यात नवे असे काही वाटू नये. वाहणाऱ्यांतही सर्व धर्मांचे लोक असतात.

प्रश्न : चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत चर्चमधील घंटा आणून देवळांत बांधल्या असे ऐकतो. हे कितपत खरे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : खरे आहे, आणि पुरावा घंटांवरच कोरलेला आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी स्पष्ट दिसते. नाशिकच्या नारोशंकर मंदिराच्या प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. १७३९चा वसईचा विजय आणि घंटेवरचे साल यांतील अंतर पाहिले की घंटा आधी कोणत्या तरी चर्चमध्ये वाजत होती हे उघड होते.

मात्र या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बोरिवलीच्या मंडपेश्वर येथे शैव लेण्यांचेच पोर्तुगीजांनी १६व्या शतकात चर्च केले होते आणि त्यावर मठ बांधला होता. मराठ्यांच्या विजयानंतर लेण्यांत पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज खाली लेणी, वर मठाच्या भग्न भिंती असे दृश्य तिथे दिसते. मुंबईत एकाच जागी इतका इतिहास रचलेला क्वचितच पाहायला मिळतो, तरी तिथे जाणारे फार थोडे.

प्रश्न : कुलाब्याच्या अफगाण चर्चचा अफगाणांशी काय संबंध? मी निवृत्त सैनिक असल्याने कुतूहल आहे. (एक वाचक, येळ्ळूर)

उत्तर : ते अफगाणांचे चर्च नव्हे, अफगाणिस्तानात मेलेल्यांचे आहे. त्याचे खरे नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. १८३८ ते १८४२च्या पहिल्या अफगाण युद्धात इंग्रजी फौजेची जी वाताहत झाली, तिच्या स्मरणार्थ ते बांधले गेले आणि जानेवारी १८५८ मध्ये त्याचे अभिषेकविधी झाले. आराखडा हेन्री कॉनीबेअर यांचा. १९८ फुटांचा मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना तो दुरून खुणेसारखा दिसे. टोकदार कमानी, वेदीपाशीची नक्षीदार फरशी, रंगीत काचांतून दुपारनंतर आत उतरणारा प्रकाश हे सगळे पाहण्यासारखे आहे. आपल्या कॅम्पातील १८६९चे सेंट मेरीज चर्च ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही गॉथिक शैली लगेच ओळखू येईल.

आपण सैनिक आहात म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तिथल्या स्मारकलेखात अधिकाऱ्यांची नावे आहेत. शिपायांविषयी मात्र, त्यांची संख्या इतकी मोठी की नावे नोंदवणे शक्य नाही, या अर्थाचे शब्द आहेत. १८३५ ते १८४३ पर्यंतच्या सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या. त्यांतील पाचव्या पलटणीने १८४० मध्ये बलुचिस्तानातील काहान येथील किल्ला वेढ्यात लढवला. हीच पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत ‘काळी पाचवी’ म्हणून नावारूपाला आली, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे, हे आपणास सांगण्याची गरज नाही.

प्रश्न : मुंबईत पूर्वी कॅथॉलिकांमध्येच दोन तट होते, असे एका फादरांकडून ऐकले. वाद कशावरून होता? (एक वाचक, कॅम्प, बेळगाव)

उत्तर : वाद धर्मतत्त्वाचा नव्हता, अधिकाराचा होता. पूर्वेकडील चर्चवर पाद्री नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. तर रोमने थेट नेमलेली व्यवस्था म्हणजे प्रोपगांडा. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून रोमकडून आलेल्या कार्मेलाइट संघाच्या पाद्र्यांना आणले, १७९४ मध्ये चर्चची दोन्ही बाजूंत वाटणी झाली आणि एकाच गल्लीतले लोक निरनिराळ्या बिशपांना मानू लागले. १८५३ मध्ये तर बिशप हार्टमन आपल्या समर्थकांसह माहीमच्या चर्चमध्ये सुमारे १५ दिवस कोंडून राहिले, विरोधकांनी बाहेरून रसद तोडली आणि अखेर सरकारला मध्ये पडावे लागले. दुहेरी कारभार पूर्णपणे मिटायला १९२८ साल उजाडले. त्यानंतरही काही काळ आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व इंग्रज असत. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

प्रश्न : मुंबईत मराठीतून उपासना होणारी जुनी चर्चेस आहेत का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आहेत. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल आणि स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांच्या कार्याशी जोडलेले गिरगावातील आंब्रोली चर्च ही त्यांतील प्रमुख. विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत शिकलेले बाबा पदमनजी हे आपल्या बेळगावचे. त्यांचा जन्म इथला १८३१चा, आरंभीचे शिक्षण इथल्या लंडन मिशनच्या शाळेत आणि १८५४ मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच झाला. मराठीच्या आद्य कादंबरीकारांत गणल्या जाणाऱ्या या गृहस्थांचे नाव आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, हा प्रश्न मीच वाचकांना विचारतो.

प्रश्न : एका दिवसात काय पाहता येईल? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : सकाळी सेंट थॉमस, तिथून चालत लायन गेटसमोरचे १८१९चे स्कॉटिश चर्च, मग बसने कुलाब्याचे होली नेम आणि अफगाण चर्च, दुपारनंतर दादर आणि शेवटी वांद्रे. बुधवार शक्यतो टाळावा, कारण त्या दिवशी माहीमला १९४८ पासून चालत आलेली नोव्हेना, म्हणजे मेरीची खास प्रार्थना, पहाटेपासून रात्रीपर्यंत असते आणि दादरहून वांद्र्याकडे जाणारा रस्ता तुंबतो. नोव्हेनाच पाहायची असेल तर मात्र बुधवारच धरावा आणि मराठीतली प्रार्थना कितीला आहे ते दारावरच्या फलकावर आधी पाहून घ्यावे.